कापूस बुडतो, गुरुजी!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे अब्बा पिंजारी. खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्या-उशा उसवायच्या, आतला गठ्ठा झालेला कापूस पिंजून मोकळा करायचा आणि पुन्हा भरून टाके घालून द्यायचे, हा त्यांचा धंदा. त्यामुळं आमच्या घरात दुसरं काही असो-नसो, कापूस असायचा. जेवणात, केसांत, माझ्या वहीच्या पानांतसुद्धा.

मी तिसरीत किंवा चौथीत असेन. म्हणजे १९७८ च्या आसपासची गोष्ट. गुरुजींनी फळ्यावर मधोमध एक रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'तरंगणाऱ्या वस्तू', दुसऱ्या बाजूला 'बुडणाऱ्या वस्तू'. पोरं ओरडून सांगत होती आणि गुरुजी लिहीत होते. पान, कागद, लाकूड, पीस इकडं. दगड, खिळा, नाणं तिकडं. कुणीतरी 'कापूस' म्हणालं आणि गुरुजींनी तो पिसाच्या खाली लिहिला. मी उभा राहिलो. म्हणालो, "गुरुजी, कापूस बुडतो."

सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. "पिंजाऱ्याचा पोर आणि कापूस ठाऊक नाही?" मी पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. हातावर दोन छड्या बसल्या आणि 'हलके ते तरंगते, जड ते बुडते' हे वाक्य दहा वेळा लिहून आणायला सांगितलं.

मी खोटं बोललो नव्हतो. जुन्या गाद्यांतला कुजलेला कापूस अब्बा गावाबाहेरच्या ओढ्यात टाकायचे, तेव्हा मी बरोबर असायचो. तो थोडा वेळ वर राहायचा, मग भिजत भिजत खाली जाऊन बसायचा. संध्याकाळी अब्बांना हात दाखवला. ते काही बोलले नाहीत. घमेल्यात पाणी घेतलं, मूठभर कापूस त्यात ठेवला. तो तरंगला. मग त्यांनी तो पाण्याखाली धरून मुठीत चांगला दाबला. बारीक बारीक बुडबुडे वर आले. मूठ सोडली. कापूस तळाशी गेला.

"मास्तर बोले वो बी सच होगा," अब्बा म्हणाले, "पन रूई डुबती, ये बी सच." आणि ते कामाला लागले.

दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे मला कळायला पुढं तीसेक वर्षं जावी लागली. विज्ञानाच्या तासाला त्यानंतर मी कधी हात वर केला नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. त्याचा सगळा दोष त्या दोन छड्यांना देणार नाही. गणितही कच्चं होतंच. पण ते वाक्य दहा वेळा लिहिताना मनात जे बसलं ते उठायला फार वेळ लागला.

आज हे सांगायचं कारण माझी भाची. ती नेवासे तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडं गेलो होतो, तर म्हणाली, "मामू, चला, आज माझा वर्ग बघा." वर्गाच्या मधोमध पाण्यानं भरलेला एक टब. शेजारी नारळ, बटाटा, सुई, रिकामी बाटली, साबणाची वडी, वाळलेलं भोपळ्याचं फळ. तिचा नियम एकच. वस्तू पाण्यात टाकायच्या आधी काय होईल ते सांगायचं आणि का तेही सांगायचं.

मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी होती. जड असतं ते बुडतं. मोठं असतं ते बुडतं, सुई तर बारकी आहे, ती तरंगेल. ज्याला भोक असतं ते बुडतं. बटाटा टबात बुडेल, पण विहिरीत तरंगेल, कारण विहिरीत पाणी जास्त असतं आणि ते वर ढकलतं. नारळ देवाचा असतो म्हणून तरंगतो. मग मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, जित्ता माणूस बुडतो आन् मेलेला वर येतो. म्हंजी जीव जड असतो."

वर्ग शांत झाला. आमच्याकडं विहिरीत माणूस जातो ही काही पुस्तकातली गोष्ट नाही. त्या पोरानं कधीतरी काठावरच्या गर्दीतून डोकावून पाहिलं असणार. अशी ओळ मला इतक्या वर्षांत सुचली नाही, हेही कबूल करतो. माझ्या तोंडावर 'चूक' हा शब्द आला होता. भाचीनं तो उच्चारला नाही. तिनं विचारलं, "मेलेला माणूस लगेच वर येतो, का काही दिवसांनी?" मुलगा म्हणाला, "दोन-तीन दिवसांनी." "मग त्या दोन-तीन दिवसांत काय होत असेल?" शरीर कुजू लागतं, आत वायू धरतो, शरीर फुगतं, वजन तेवढंच राहून आकार वाढतो आणि ते वर येतं, इथपर्यंत ती मुलं अर्ध्या तासात आली. शेवटचा दुवा त्या मुलानंच जुळवला, "फुग्यावानी" असं म्हणून.

ही चुकीची उत्तरं आपल्याच खेड्यातल्या पोरांची आहेत, असं कुणी समजू नये. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांना विचारलं होतं की होडी पाण्यावर का राहते? १९२७ साली त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. अगदी लहान मुलं म्हणाली, तिला तरंगावंच लागतं. त्याहून थोडी मोठी म्हणाली, होडी जड आहे, तिच्यात जोर आहे, म्हणून ती टिकून राहते. आणखी मोठी म्हणाली, ती हलकी आहे म्हणून. होडीचं वजन सगळ्या सरोवराच्या पाण्याशी ताडून पाहणारी मुलंही त्यात होती. आमच्या विहिरीतल्या बटाट्याचा हा सख्खा भाऊच. नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमाराला मुलं वजन आणि आकार यांचा एकत्र विचार करू लागतात, असं पियाजेला दिसलं. त्याला या उत्तरांचं हसू आलं नाही. चुकीच्या उत्तराच्या आत विचाराची एक रीत असते आणि ती आधी समजून घ्यावी लागते, हे त्यानं जगाला दाखवलं.

आणि मुलांचं सोडा, मोठ्यांचं काय होतं? १६११ सालचा उन्हाळा, इटलीतलं फ्लॉरेन्स शहर. विद्वानांच्या बैठकीत बर्फावरून वाद पेटला. एका बाजूला ॲरिस्टॉटलला मानणारे पंडित. त्यांचं म्हणणं असं की, थंडीनं पाणी आवळतं आणि बर्फ होतो, म्हणजे बर्फ पाण्यापेक्षा जड. मग तो तरंगतो का? तर त्याच्या पसरट आकारामुळं. पाणी त्याला आत घुसू देत नाही. दुसऱ्या बाजूला गॅलिलिओ. तो म्हणाला, बर्फ तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून तरंगतो. आकाराचा संबंध नाही. त्याचा आधार होता आर्किमिडीज, अठराशे वर्षांपूर्वीचा.

इथं जरा थांबून एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. माझा मुलगा लहान असताना रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी सरबताचा ग्लास हातात घेऊन विचारत होता, "अब्बू, बर्फ बी पानीच है ना? फिर उप्पर कैसा रहता?" मी म्हणालो, "गप पी." गॅलिलिओला ज्या प्रश्नापायी वर्षभर भांडावं लागलं, तो मी दोन शब्दांत मिटवला.

तर, गॅलिलिओच्या विरोधकांत लोदोविको देल्ले कोलोम्बे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी आबनूस या काळ्या जड लाकडाचा गोळा पाण्यात टाकला. तो बुडाला. मग त्याच लाकडाची पातळ चकती अलगद पाण्यावर ठेवली. ती तरंगली! लाकूड तेच, आकार वेगळा, आणि निकाल उलटा. म्हणजे आकारच ठरवतो, नाही का? लोक टाळ्या पिटू लागले. गॅलिलिओचं उत्तर असं होतं की, चकती कोरडी ठेवू नका. ती पुरती भिजवा, पाण्याखाली न्या आणि मग सोडा, बघू वर येते का. ती वर येत नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं घमेलं आलं आणि त्यात मुठीत कापूस दाबणारे अब्बा आले.

१६११ च्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या मेजवानीत हाच वाद पुन्हा झाला. पाहुण्यांत दोन कार्डिनल होते. एकानं पंडितांची बाजू घेतली, दुसऱ्यानं, माफेओ बार्बेरिनीनं, गॅलिलिओची. पुढं हाच बार्बेरिनी पोप झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १६३३ साली, गॅलिलिओवर खटला चालला. तो अर्थात पृथ्वीच्या फिरण्यावरून. तरंगणाऱ्या वस्तूंवरचं गॅलिलिओचं पुस्तक १६१२ साली निघालं. पण कोरडी चकती मुळात का तरंगते, याचं त्यानं दिलेलं कारणही पुरतं बरोबर नव्हतं. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, पातळ साय धरल्यासारखा, आणि हलक्या हातानं ठेवलेली सुईसुद्धा तो पेलतो, हे नीट उलगडायला एकोणिसावं शतक उजाडलं. भाचीच्या वर्गात 'सुई तरंगेल' म्हणणारी मुलगी त्या दृष्टीनं अगदीच चुकली नव्हती.

१६३३ हे साल मुद्दाम लक्षात ठेवा. त्याच वर्षी आपल्याकडं काय चाललं होतं? आमच्या जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा किल्ला आहे. त्या सुमारास शहाजीराजे मुर्तझा या निजामशाही वारसाला तिथं गादीवर बसवून नगरची बुडती दौलत तरती ठेवायची धडपड करत होते. त्यांना आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याचं पाठबळ होतं. ग्रहणाच्या पर्वणीला हे दोघं भीमा-इंद्रायणीच्या संगमावर जमले. मुरारपंतांनी तुळादान केलं. आपल्या हत्तीच्या वजनाइतकं दान द्यायचं त्यांच्या मनात आलं. पण हत्ती तोलायचा कसा? एवढा तराजू कुठून आणायचा?

परंपरा सांगते की तोड शहाजीराजांनी काढली. हत्तीला नावेत चढवलं. नाव जिथवर पाण्यात गेली तिथं खूण केली. हत्ती उतरवला आणि नाव त्याच खुणेपर्यंत बुडेस्तोवर तिच्यात दगड भरले. मग ते दगड तोलले. दगडांचं वजन तेच हत्तीचं. तेवढं दान झालं आणि गावाला तुळापूर हे नाव पडलं. पुढं १६८९ साली छत्रपती संभाजीराजांच्या बलिदानानं तुळापूरचं नाव इतिहासात वेगळ्याच कारणानं कोरलं गेलं, त्यामुळं हत्तीची गोष्ट मागं पडली. ते साहजिकही आहे.

पण प्राथमिक शाळेला त्या गोष्टीइतका सोपा धडा मला दुसरा दिसत नाही. नाव पाण्यात जाते तेव्हा ती आपल्यापुरती जागा करते, तिथलं पाणी बाजूला सारते. जेवढं पाणी सारलं जातं त्याचं वजन नाव आणि तिच्यातलं ओझं यांच्याइतकं झालं की नाव थांबते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हत्ती चार हजार किलोचा असला तर नावेला आणखी चार हजार लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. तेवढी जागा तिच्या पोटात असेल तर ती तरते, नसेल तर पाणी काठावरून आत येतं. म्हणजे नुसतं 'जड किती' हे विचारून भागत नाही. 'तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा जड का?' असं विचारावं लागतं. माझ्या दहा वेळा लिहिलेल्या वाक्यात एवढीच एक गोष्ट नव्हती.

हीच गोष्ट चीनमध्येही सांगतात. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी इतिहासग्रंथात ती नोंदलेली आहे. तिथला त्साव त्साव नावाचा बडा सेनापती दरबाऱ्यांना विचारतो की हत्तीचं वजन कसं करावं. कुणालाच सुचत नाही. सांगतो कोण, तर त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा, त्साव चोंग. नाव, खूण, आणि वजनदार वस्तू. रीत अगदी तीच. हे पोर पुढं तेराव्या वर्षी गेलं. इतिहासात त्याच्या नावावर राहिला तो हा हत्ती.

आपल्या पूर्वजांनी हे ज्ञान पुस्तकात ठेवलं तसंच हातातही ठेवलं. गझनीच्या महमुदाच्या काळात हिंदुस्थानात आलेला अल्-बिरूनी चोच असलेल्या भांड्यात पाणी भरून त्यात धातू आणि रत्नं टाकायचा आणि सांडलेलं पाणी तोलायचा. त्यावरून त्यानं काढलेले आकडे आजच्या आकड्यांच्या फार जवळ आहेत. मर्वच्या अल्-खाझिनीनं ११२१ साली तराजूवर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ते नोंदवले आहेत. हे झाले विद्वान. आणि ज्यांना कुणी विद्वान म्हटलं नाही, त्यांचं? भीमा-कृष्णेच्या काठी गुळाच्या काहिलीत बसून लोक पूर आलेली नदी ओलांडायचे. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, पण काहिलीच्या पोटात हवेला जागा मोठी. भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला सांगड म्हणायचे. आज आपण दोन विचारांची 'सांगड घालतो' तेव्हा त्यातल्या पाण्याची कुणाला आठवण नसते.

आमच्या जिल्ह्यातला बाजरीचा शेतकरीही हे जाणतो. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं ओततात. अरगट रोगाची बुरशी धरलेलं आणि पोचट बी वर येतं, ते काढून जाळून टाकायचं. तळाशी बसलेलं चांगलं बी दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. कृषिखात्याची शिफारसही हीच आहे. इथं तर बी बदलत नाही, पाणी बदलतं. साध्या पाण्यात जे बी बुडलं असतं ते खारट पाण्यात वर येतं. हा प्रयोग ज्या पोरानं बापाच्या शेजारी बसून पाहिलाय, त्याला शाळेत कुणी विचारतं का?

विचारणारे अगदीच नव्हते असं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्या मंडळींनी सुरुवातीच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या ग्रामीण शाळांमध्ये काम केलं. पुढं याच केंद्रातल्या जयश्री रामदास यांनी प्राथमिक शाळेसाठी 'हलके-फुलके विज्ञान' ही पुस्तकं तयार केली. त्यांत मुलांनी स्वतः पाहावं, मोजावं, आपलं उत्तर आपण शोधावं, यावर भर आहे. भाचीच्या कपाटात त्यातलं एक आहे, पानं सुटलेलं. पुस्तक असं दिसलं की मला बरं वाटतं.

आणि हा सारा खेळ फक्त टबातला नाही. आमच्या नेवासे-शेवगावच्या कडेनं जायकवाडीचं पाणी पसरलेलं आहे. पलीकडच्या काठावर, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा गावची बातमी २०२३ साली छापून आली. तिथली मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातानं वल्हवत, धरणाचं पाणी ओलांडून शाळेत जात होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. ती बातमी वाचताना मला सारखं वाटत होतं की, या मुलांना शाळेत पोचल्यावर कुणी विचारलं असेल का, 'सांगा पाहू, कोणत्या वस्तू तरंगतात?' आणि एखाद्यानं आपल्या थर्माकोलवर किती दप्तरं ठेवली की पाणी वर येतं हे सांगितलं असतं, तर फळ्यावरच्या कोणत्या बाजूला ते लिहिलं गेलं असतं?

कापसाचं राहिलं. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात बसलो होतो. दुकानदार शिकलेला, बोलका. बोलता बोलता म्हणाला, जखमेला लावायचा कापूस खरा का खोटा ते बघायची कसोटी ठाऊक आहे का तुम्हाला? तो पाण्यात टाकायचा आणि वेळ मोजायची. दहा सेकंदांच्या आत बुडला तर पास. सरकीवरच्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तो पाणी लवकर धरत नाही आणि तरंगत राहतो. औषधाच्या कापसावरचं मेण काढून टाकलेलं असतं. आणि तंतू स्वतः? पाण्याच्या दीडपट जड. त्यात अडकलेली हवा काय ती त्याला वर ठेवते.

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याला वाटलं, मला ऐकू कमी येतं.

अब्बा तेव्हा नव्हते. बुडबुडे बाहेर पडेस्तोवर त्यांनी मूठ का आवळली होती, ते मला त्या दुकानाच्या बाकावर बसून कळलं. गुरुजींचा कोरडा कापूस तरंगत होता. अब्बांचा भिजलेला बुडत होता.

भाचीला हे सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात दोन्ही कापूस नेले. मुलांनी सेकंद मोजले. मग तिनं तुळापूरच्या हत्तीची गोष्ट सांगितली. प्लॅस्टिकच्या डब्याची नाव केली, हत्तीच्या जागी बटाटा ठेवला, पेनानं खूण केली आणि खडे भरले. खड्यांचं वजन बटाट्याच्या वजनाशी थोडंसं चुकलं. पेनाची रेघ जाड होती, असं कारण मुलांनी शोधलं.

तास संपताना एका मुलीनं हात वर केला. तिचा प्रश्न असा की, हत्ती एका बाजूनं पाय ठेवून चढला असणार, मग नाव त्या बाजूला कलंडली कशी नाही?

भाचीनं तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय आणि पुसायचा नाही असं बजावलंय. मला फोन करून विचारलं तिनं, "मामू, तुम्ही इतिहास वाचता ना, सांगा." मी वाचतोय.